‘विसरतोय हे कळतंय ना, मग अल्झायमर नाही’ – या फॉरवर्डमधलं काय चुकलं

नाशिकमधल्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका फ्रेंच प्राध्यापकाच्या नावानं फिरणारा मेसेज सांगतो: साठीनंतरच्या तात्पुरत्या विसराळूपणाला ‘ॲनोसोग्नोसिया’ म्हणतात, आपण विसरतो हे ज्याला कळतं, त्याला अल्झायमर नसतो, इंग्रजी ‘ओ’ अक्षरांच्या गर्दीतला ‘सी’ सापडला, तर डॉक्टरकडे जायला नको.

शब्द चक्क उलटा वापरलाय. फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये तो वापरला तो अर्धांगवायू झालेल्या, पण हात चालत नाही याची जाणीवच नसलेल्या रुग्णांबद्दल. आजाराचं भान नसणं, एवढाच त्याचा अर्थ. विसराळूपणा असा त्याचा अर्थ नाही.

दुसरा दावा घातक आहे. सुरुवातीच्या काळात अनेक रुग्ण स्वतःच तक्रार करतात. भान सहसा पुढे कमी होत जातं. म्हणजे ज्यांनी लवकर तपासून घ्यावं, त्यांनाच हा मेसेज घरी बसवतो.

भान आहे की नाही यापेक्षा माणूस काय बोलतो ते ऐका. ‘नाव अगदी जिभेवर आहे’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात नाव असतं, पहिलं अक्षर सांगितलं की बाहेर पडतं. वयानुसार हे होतंच. ‘मला कुणी सांगितलंच नाही’ हे वारंवार येऊ लागलं, खूण देऊनही कालचं बोलणं आठवेना, तर ते मेंदूत साठलंच नसण्याची शक्यता असते. रविवार कारंजावर स्कूटर नेमकी कुठे लावली ते न आठवणं वेगळं. स्कूटर आणली होती हेच न आठवून चालत घरी येणं वेगळं. त्यावर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यात महिने जातात.

‘सी’ शोधण्यात नजर आणि लक्ष तपासलं जातं, स्मरण नाही. दवाखान्यात पाच शब्द सांगतात, मध्ये दुसरं काम देतात आणि पाचेक मिनिटांनी तेच शब्द विचारतात. अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळही काढायला लावतात. ‘सी’ झटक्यात सापडलेला माणूस इथे पाचही शब्द हरवू शकतो.

जाताना घरातलं, रोज सोबत असणारं माणूस न्या. रुग्णाचं ‘सगळं ठीक आहे’ पुरेसं नसतं. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्यांसकट सगळी औषधं पिशवीत घाला, त्यांनीही विसरायला होतं. बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी होते. कमतरता असेल तर उपचार आहेत. नैराश्यही असंच फसवतं. मात्र गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. संसर्ग, साखर उतरणं किंवा डोक्याला मार लागून झालेला रक्तस्राव त्यामागे असू शकतो.