सपोर्टचे पैसे द्या, पण सोर्स हातात ठेवा

तुमची प्रतिक्रिया अनुभवातून आलेली आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: क्लस्टरसाठी, म्हणजे एकत्र जोडून चालवलेल्या अनेक संगणकांसाठी, मोफत सॉफ्टवेअर सुचवणारे लायसन्सचे पैसे वाचल्याचं सांगतात, पण कामं (जॉब) रांगेत लावून संगणकांना वाटून देणारा शेड्युलर ऐन रात्री बंद पडला तर फोन कोणाला करायचा ते सांगत नाहीत. सगळा भार एकट्या अ‍ॅडमिनवर पडतो.

भार पडतो, हे अगदी खरं. पण त्यावर बंदिस्त सॉफ्टवेअर हा एकच उपाय आहे, हे मला पटत नाही. स्लर्म हा शेड्युलर जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहे, म्हणजे त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि त्याचा सपोर्ट रीतसर विकत मिळतो. त्याच्या मुख्य डेव्हलपर्सनी २०१० मध्ये स्केडएमडी कंपनी काढली ती त्यासाठीच. वर्षाच्या बजेटमध्ये ही रक्कम धराच, असं मी कोणालाही सांगेन.

त्याच वर्षी ओरॅकलने सन ही संगणक कंपनी विकत घेतली आणि सनचे ग्रिड इंजिन (शेड्युलर) व लस्टर (क्लस्टरची सामायिक फाइल सिस्टिम) दोन्ही ओरॅकलकडे गेले. ओरॅकलला दोन्हींत फारसा रस नव्हता. लस्टरचा सोर्स खुला होता, तो जाणणारे लोक व्हॅमक्लाउड या नव्या कंपनीत जमले, मोठ्या प्रयोगशाळा व कंपन्यांनी ओपनएसएफएस ही संस्था स्थापन करून पैसा उभा केला, आणि २०११ मध्ये लस्टर २.१ आलं. ग्रिड इंजिनचाही जुना सोर्स खुला होता. पण मुख्य डेव्हलपर्स युनिव्हा कंपनीच्या व्यावसायिक आवृत्तीकडे गेले आणि मोफत शाखा हळूहळू थंडावल्या. नुसता सोर्स पुरत नाही, त्यामागे पगारी माणसं लागतात. इथे तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मात्र सोर्सच नसता, तर लस्टरसाठी पैसा उभा करूनही उपयोग झाला नसता.

व्यावसायिक सॉल्व्हरना, म्हणजे गणितं सोडवणाऱ्या विकतच्या प्रोग्रॅमना, माझा विरोध नाही. काही कामांत त्यांना पर्याय नाही. पण त्यांचा त्रास पाहा: जॉबला नोड (क्लस्टरमधले संगणक) मिळतात, तो सुरू होतो, लायसन्स सर्व्हरकडे टोकन (वापराचा परवाना) मागतो, टोकन शिल्लक नसतात, आणि तासन्‌तास रांगेत थांबलेला जॉब मिनिटभरात मरतो. स्लर्ममध्ये लायसन्सची संख्या नोंदवली आणि जॉबने तशी मागणी केली, तर टोकन मोकळं होईपर्यंत जॉब रांगेतच थांबतो. तरीही कोणी आपल्या डेस्कटॉपवरून परस्पर टोकन उचललं तर स्लर्मला आपोआप पत्ता लागत नाही. ती संख्या बाहेरून ताजी ठेवणारी स्क्रिप्ट शेवटी अ‍ॅडमिनच लिहितो.

एलएसएफ हा विकतचा, बंदिस्त शेड्युलर उत्तम चालतो, हेही मान्य. तुमच्याकडे ते बसलेलं असेल तर उद्याच काढा असं मी म्हणणार नाही. फक्त करार वाढवण्याआधी वापरकर्त्यांच्या जॉब स्क्रिप्ट एकदा चाळा. प्रत्येकीच्या डोक्यावर बीसबच्या (#BSUB, म्हणजे एलएसएफला दिलेल्या सूचनांच्या) ओळी असतील, आणि सोडायची वेळ आली की लायसन्सपेक्षा त्याच जास्त अडवतात. मोड्यूल (लागणारं सॉफ्टवेअर) लोड करणं, डेटा हलवणं, एमपीआय (अनेक नोडवर एकत्र चालणारा प्रोग्रॅम) चालवणं हे शेड्युलरच्या ओळींपासून आत्ताच वेगळं काढून ठेवा. एलएसएफ ठेवलंत तरी हे काम वाया जाणार नाही.