पाहुण्यांसाठी पिल्लं थांबवू नका

आज सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. प्लास्टिकच्या टबात वीतभर पाणी, त्यात कासवाची पिल्लं वल्ही मारत गोल गोल फिरतायत आणि माईकवर कुणीतरी सांगतंय, "प्रमुख पाहुणे पाच मिनिटांत पोहोचतायत, मग पिल्लं समुद्रात सोडू." ऊन डोक्यावर. खाली सगळ्यांचे बदाम.

अहो, कसले बदाम देताय! वाळूतून वर आलेल्या पिल्लाच्या पोटात उरलेला बलक हीच त्याची शिदोरी. तिच्या जिवावर पहिला दिवसभर जवळजवळ न थांबता पोहून त्याला माशांनी भरलेलं किनाऱ्याजवळचं पाणी पार करायचं असतं. ती तुम्ही टबातच संपवलीत. थांबवणं अगदीच भाग असेल तर ओलसर वाळूवर, थंड अंधारात ठेवा. पाणी अजिबात नको.

वरची वाळू थंड झाली की पिल्लं निघतात, म्हणून बहुतेक रात्रीच. मग तेव्हाच सोडा ना! पाण्यापासून थोडं लांब सोडून स्वतःच्या पायांनी जाऊ द्या. खाली क्षितिजालगत जिथे जास्त उजेड, तिकडे ती धावतात. पाठीमागे हॅलोजन असला की थेट रस्त्यावर. दिवा हवाच तर लाल किंवा अंबर, बुटका, आडोशाचा.

मान्य, बघ्यांच्या गर्दीमुळे घरट्यांच्या राखणदारांना दोन पैसे मिळतात. दोरीमागे गप्प बसणाऱ्यांबद्दल तक्रार नाहीच.

आणि ऊठसूट अंडी हॅचरीत, म्हणजे कुंपणातल्या राखीव वाळूत, हलवायचा हट्ट कशाला? घरटं भरतीरेषेच्या वर असेल, राखण होत असेल, तर तिथेच जाळी लावा. हलवायचीच तर घातल्यापासून काही तासांत, न फिरवता. नंतर भ्रूण कवचाला आतून वरच्या बाजूने चिकटतो. अंडं फिरलं की तो मरतो. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवासाठी खड्डा साधारण दीड फूट, तोंड अरुंद, तळ रुंद. वर दाट छप्पर घालण्याआधी विचार करा: सावलीने वाळू थंड होते, आणि ती साधारण २९-३० अंशांच्या खाली राहिली तर नर जास्त, वर माद्या. ३५ च्या वर वाळू तापत राहिली तर काहीच जगत नाही.

बाकी आपल्यासारख्यांना फार काही करायचं नाहीये. मादी वर येताना किंवा खणताना दिसली तर जागीच थांबा, मोबाइल खिशात. बिचकली तर अंडी न घालताच परत जाते. आणि संध्याकाळी निघताना पोरांनी खणलेले खड्डे बुजवा. त्यात पडलेलं पिल्लू सकाळी खेकड्यांना नाहीतर कावळ्यांना सापडतं.