म्हणे सगळं स्ट्रिंगमध्येच ठेवा!

परवा भाचीचा मेसेज आला, "मामा, हे बरोबर आहे ना? आमच्या टीममध्ये सगळे फॉरवर्ड करतायत." खाली एक पोस्ट. सार एवढंच की तारखा, आकडे, एनम (ठरलेल्या मोजक्या पर्यायांची यादी, जसं 'पेंडिंग') सगळं डेटाबेसमध्ये स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून ठेवा, स्क्रीनवर दिसतं अगदी तसंच, मग कन्व्हर्जनची कटकट नाही आणि बगही नाहीत, 'सीनियर लोक असंच करतात'. कोण सीनियर ते काही लिहिलेलं नाही. मी नुसतं "नाही" म्हणून सोडून देणार होतो, पण बाईसाहेबांनी तोवर तसं टेबल बनवूनही टाकलं होतं, म्हणून हे सगळं टाइप करतोय.

तारखेचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त घाण तिथेच होते. पोस्ट म्हणते दिवस/महिना/वर्ष असं टेक्स्टमध्ये ठेवा, युजरला तसंच हवं असतं. ठीक. तिच्या टेबलवर तारखेने सॉर्ट लावला तर वरून क्रम आला ०१/०२/२०२५, मग ०१/११/२०२३, मग ०२/०१/२०२४. यात डेटाबेसचं काही चुकलेलं नाही, तो बिचारा डावीकडून एकेक अक्षर ताडून बघतोय, त्याला यात वर्ष कुठलं हे कुणी सांगितलंय? खाली स्क्रोल केलं तर एका रोमध्ये ३१/०२/२०२४, आणि एकात चक्क 'नंतर कळवते'. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये कॉलम डेट टाइपचा असता तर हे दोन्ही दारातूनच परत गेले असते.

आणि खरा त्रास पुढे आहे. ही स्ट्रिंग दुसऱ्या कुठल्या सिस्टिमने महिना आधी समजून वाचली तर ०५/०९ म्हणजे पाच सप्टेंबरचा नऊ मे होतो, एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत सगळं गुपचूप चुकत राहतं आणि तेरा तारखेला पार्सर (स्ट्रिंगमधून तारीख वाचणारा कोड) ओरडतो, कारण तेरावा महिना नसतो. तोवर चुकीच्या तारखा सेव्ह होऊन बसलेल्या असतात, त्या कोण निस्तरणार?

पोस्टमध्ये वर टेचात लिहिलंय की एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये तर वेगळा डेट टाइपच नाही. बरोबर आहे, नाहीच. पण तिथे टेक्स्ट वापरायचं तर आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीने, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, ते सोयीस्करपणे गाळलंय. जुलै २००२ चं आरएफसी ३३३९, म्हणजे इंटरनेटवर तारीख-वेळ लिहायचं मानक, उघडून बघा, त्यात स्पष्ट म्हटलंय की मोठ्या घटकाकडून छोट्याकडे लिहिलं तर स्ट्रिंग म्हणून सॉर्ट करूनही वेळेचा क्रम बरोबर येतो, अट एवढीच की टाइमझोन तोच आणि एकाच पद्धतीने लिहिलेला हवा आणि सेकंदाच्या अपूर्णांकाचे अंक सारखे हवेत. म्हणजे ठेवायचीच स्ट्रिंग तर ही ठेवा, युजरला दिसते ती नको.

आता आकडे. इथे मला हसू आवरेना. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते म्हणून आकडे स्ट्रिंगमध्ये ठेवा म्हणे. जावास्क्रिप्टमध्ये त्याच दोन स्ट्रिंग अधिक करून बघा, उत्तर येतं '०.१०.२'. झाला बग दूर! या दुखण्यावर औषध डेसिमल टाइप (दशांश आकडे अचूक धरणारा) आहे. शिवाय स्ट्रिंगमध्ये '१०' हा '९' च्या आधी लागतो, आणि '१.२३४' जर्मन लोकेलमध्ये (भाषा-देशाच्या सेटिंगमध्ये) एक हजार दोनशे चौतीस असतो.

हां, फोन नंबर स्ट्रिंगच हवा, सुरुवातीचा शून्य उडतो नाहीतर. पण फोन नंबरांची बेरीज कोण करतं, तो आकडा नाहीच मुळात. मोठे आयडी जेसन या डेटा पाठवायच्या फॉरमॅटमधून स्ट्रिंग म्हणून पाठवावेत हेही मान्य, जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक नीट धरू शकत नाही.

एनमचं अर्धं बरोबर आहे, नाइलाजाने कबूल करतो. क्रमांक साठवला आणि उद्या कुणी मध्येच नवीन व्हॅल्यू घुसवली की जुन्या सगळ्या रोंचा अर्थ सरकतो, त्यापेक्षा नाव साठवणं चांगलं. पण पोस्ट सांगते टूस्ट्रिंग (व्हॅल्यूची स्ट्रिंग बनवणारी मेथड) करून तेच साठवा आणि तेच युजरला दाखवा. जावामध्ये टूस्ट्रिंग कुणीही ओव्हरराइड करू शकतं, म्हणजे तिचं उत्तर बदलू शकतं, मग लेबल सुंदर करायच्या नादात जुना डेटा वाचता येत नाही. एनमचं मूळ नाव देणारी नेम ही मेथड फायनल आहे, कुणाला बदलता येत नाही, ती वापरा. आणि वाचताना बेफिकीर अपरकेस करू नका, टर्किश लोकेलमध्ये छोट्या आयचा मोठा आय होताना डोक्यावर टिंब राहतं, मग साठवलेल्या नावाशी 'पेंडिंग' जुळतच नाही.

पोस्टचा शेवटचा दाखला एक्सेलचा. मार्च१, सेप्ट१ ही जनुकांची नावं एक्सेल तारखा करून टाकायचा, आणि २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने ती मार्चएफ१, सेप्टिन१ अशी बदलली. शंभर टक्के खरं. पण तिथे घोळ झाला तो नुसत्या दिसण्यावरून 'ही तारीख असेल' असं ठरवल्यामुळे, आणि तुमचा टेक्स्ट कॉलम वाचणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही नेमकं तेच करायला लावताय!

असो. भाचीने कॉलम बदलायला घेतलाय, फॉरमॅटिंग फक्त स्क्रीनवर दाखवताना. 'नंतर कळवते' वाली रो कन्व्हर्ट होईना म्हणून ती कुणी टाकली ते शोधत होती. तिचीच निघाली.