शीत, पेटी आणि रिक्षावाले

महिन्याभरापूर्वी रात्री जेवताना आमचे सातवीतले चिरंजीव म्हणाले, "रिक्षावाले सगळे लबाड असतात." कारण काय, तर त्या दिवशी स्टेशनवरच्या एकाने मीटर टाकायला नकार देऊन सरळ शंभर रुपये मागितले होते. मी सवयीने म्हणाले, "असं सरसकट बोलू नये रे." त्यावर पोरगं म्हणतं, "मग तू एक शीत दाबून अख्खा भात शिजला म्हणतेस, ते चालतं?"

माझी बोलतीच बंद.

खरं तर "सरसकट बोलू नये" ही शिकवणच अर्धवट आहे. सरसकट बोलल्याशिवाय जगणार कसं? विस्तव भाजतो हे कळायला प्रत्येक निखारा हातात धरायचा का? बोलावं, पण कशाच्या जोरावर बोलतोय ते बघावं.

मग दुसऱ्या दिवशी त्याला ओट्यापाशीच उभं केलं. एकच पातेलं, एकच तांदूळ, एकच आच, मधे पळीने ढवळलेलं. म्हणून एक शीत सगळ्यांच्या वतीने बोलू शकतं. मी एकदा डब्यात उरलेला आंबेमोहर आणि जाडा तांदूळ एकत्र शिजवला होता. आंबेमोहराची पेज झाली आणि जाडा तसाच टचटचीत. तिथे कुठलं शीत दाबणार? आणि आंब्याच्या पेटीचं तर विचारूच नका. वरच्या थरातला आंबा आपण निवडलेला नसतो, विकणाऱ्याने आपल्यासाठी निवडून ठेवलेला असतो. खालच्या थराचं काय ते घरी गवत उपसल्यावर कळतं.

"म्हणजे खूप शितं दाबायची," चिरंजीव. इथे मात्र मी त्याला वही आणायला लावली. कुठलीही संख्या घे, तिचा वर्ग कर, त्यात तीच संख्या मिळव, वर ४१ मिळव. १ घेतला की ४३, २ घेतले की ४७, मग ५३, मग ६१. सगळ्या मूळ संख्या. ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी ही अठराव्या शतकातली गंमत. बाराव्या-तेराव्या संख्येला तो कंटाळून म्हणाला, "कळलं, नेहमीच येते." ३९ पर्यंत येतेच. ४० ला उत्तर १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

लगेच शंका आली, "मग दोन विषम संख्यांची बेरीज सम येते, तेही पुढे कधीतरी फसेल?" चिंचोके काढले. सात आणि नऊ. जोड्या लावल्या, दोन्हीकडे एकेक उरला, त्या दोघांची जोडी. "कितीही घे, उरणार एकेकच," तो स्वतःच म्हणाला. इथे एका उदाहरणात भागलं, कारण 'का' ते दिसलं.

आता रिक्षावाल्यांकडे या. मीटरने निमूट घरी सोडणाऱ्या रिक्षाची गोष्ट जेवताना कोण सांगतं? आणि हे आपणच शिकवतो बरं का. अमक्या जातीचे असेच, तमक्या गावचे तसेच, हे पोरांच्या कानावर आपल्याच बैठकीत पडतं. कुणी उलटं उदाहरण दिलं की "तो अपवाद" म्हणून मोकळे! अपवाद मोजायची वही आजवर एकाही काकांकडे पाहिली नाही मी.

तर आमच्याकडे वही सुरू झाली. क्लासला जाता-येता रिक्षा मीटरने गेली की बरोबर, नाही तर फुली. परवा बेरीज केली: १४ फेऱ्या, १२ बरोबर, २ फुल्या. मी विजयी मुद्रेने म्हटलं, "बघ, बहुतेक रिक्षावाले प्रामाणिक असतात की नाही!"

त्याने वही माझ्यापुढे सरकवली. "आई, हे सगळे आपल्या कोपऱ्यावरच्या स्टँडचे. ओळखतात आपल्याला. स्टेशनवरचा यात एकही नाही."