खालच्या मोज्याचं काय?

तरंगक म्हणजे समुद्रावर प्रवाहाबरोबर वाहत जाणारा आणि उपग्रहामार्फत आपला ठावठिकाणा कळवणारा चेंडू. 'तरंगक समुद्रात सोडला की काम संपलं, पुढचं उपग्रह बघतो,' असं त्याच्यावरच्या एका लेखात वाचलं. एवढं सोपं असतं तर! जगभरच्या समुद्रांवरचं 1250 तरंगकांचं जाळं 2005 साली पुरं झालं खरं, पण ते रोज उसवतं. प्रवाह त्यांना एकीकडे गोळा करतात, दुसरीकडे पोकळी पाडतात. मग वाटेतल्या जहाजांना गळ घालून नवे सोडून घ्यायचे. आणि त्या चेंडूखाली सुमारे 15 मीटरवर भोकांचा लांबलचक कापडी मोजा लोंबत असतो, त्याचा लेखात उल्लेखच नाही! तो तुटला की चेंडू प्रवाहाचं सोडून वाऱ्याचं ऐकू लागतो. चेंडू आणि मोजा जोडणाऱ्या दोरीवरचा ताण वगैरे बघून ते किनाऱ्यावर बसून ओळखायचं.

गोव्यातल्या मालीम जेटीवर आमच्या ट्रॉलरवाल्या काकांना विचारलं, असा चेंडू जाळ्यात आला तर? म्हणाले, "घरी आणीन, आणखी काय!" म्हणजे पडद्यावर तो ठिपका सरळ रेषेत बंदराकडे धावत सुटणार, आणि कुणीतरी ती नोंद गाळत बसणार. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेनं एकदा जेटीवरच तरंगक आणून दाखवावा, मोज्यासकट. काका पहिल्या रांगेत असतील.