एका बॅटरीवरून बारा व्होल्ट? ट्रकच्या टेपबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मागच्या महिन्यात पहाटे चारला आक्काचा फोन आला. दाजींची दहाचाकी पाचवडजवळ ढाब्यावर उभी होती. सेल्फ मारला की नुसतं टक् टक्. गाडीत तासगावचा बेदाणा भरलेला, सकाळी वाशीला पोचायचं होतं. शेवटी दुसऱ्या ट्रकच्या बॅटऱ्यांवरून केबल लावून गाडी चालू झाली, माल उशिरा उतरला, बोलणी खावी लागली ती वेगळीच. परत आल्यावर गाडी माझ्याकडे कुपवाडला आणली. बघतो तर सीटमागे नवा अ‍ॅम्प्लिफायर, दारांत नवे स्पीकर, डॅशबोर्डवर नवा टेप आणि कंपनीचा चांगला चालणारा टेप पिशवीत गुंडाळून सीटखाली. बॅटरीची पेटी उघडली, तर दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीवर एक लाल वायर कसलेली. म्हटलं, "दाजी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी फोनच पुढे केला.

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. थोडक्यात असा: कंपनीच्या टेपला अ‍ॅम्प्लिफायर जोडता येत नाही, टेप बदलावाच लागतो. २४ व्होल्टच्या गाडीत नव्या टेपला लागणारे १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर म्हणजे दुकानदाराचा धंदा. एका बॅटरीवरून १२ व्होल्ट फुकट मिळतात, महिन्यातून एकदा बॅटऱ्यांची अदलाबदल केली की झालं. फ्यूज आवाज खातो, वायर थेट टाका. टेपवर ५०×४ लिहिलंय म्हणजे २०० वॉट, आणि वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट. हेडलाईट मंद होत असतील तर कपॅसिटर, म्हणजे क्षणभर वीज साठवणारा डबा, बसवा. आणि शेवटी, आवाज मोठा असला की रात्री झोप लागत नाही, अपघात टळतात.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. असे मेसेज रोज बघून सोडून देतो. पण हा माझ्या बहिणीच्या घरात शिरला, म्हणून बसून उत्तर लिहितोय. सुरुवात बॅटरीपासून करतो, कारण गाडी बंद पडली ती तिथं.

२४ व्होल्ट म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. पहिलीची मायनस चासीला, पहिलीची प्लस दुसरीच्या मायनसला, आणि दुसरीच्या प्लसवरून गाडीची २४ ची लाईन. इंजिनवर फिरून बॅटऱ्या चार्ज करणारा अल्टरनेटर दोघींना मिळून साधारण २८ व्होल्ट देतो. त्याला फक्त दोन टोकं कळतात, मधल्या पट्टीवर कुणी काय लावलंय ते कळत नाही. मधून १२ व्होल्ट काढले की सगळा भार एकट्या पहिल्या बॅटरीवर पडतो. चार्जिंगचा करंट मात्र दोघींतून सारखाच जातो. ऊसगाडीच्या बैलजोडीतला एकच बैल संध्याकाळी दुसऱ्या कामालाही जुंपायचा आणि वैरण दोघांना सारखीच टाकायची, असा प्रकार आहे. एक वाळत जातो, दुसऱ्याचं पोट फुगतं.

दाजींच्या गाडीत हेच दिसलं. इंजिन चालू ठेवून मीटर लावला, दोन्ही मिळून २८.२ व्होल्ट. आकडा एकदम बरोबर, म्हणून डॅशबोर्डवर कसलाही दिवा लागला नव्हता. मग एकेक मोजली. पहिली १३.१, दुसरी १५.१. इंजिन बंद करून बुचं काढली. पहिलीची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, ११५० च्या आसपास. भरलेल्या बॅटरीची १२५० च्या पुढेमागे असायला हवी. दुसरीत पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं, प्लेटांची वरची कड कोरडी, बुचांभोवती ॲसिडचे ओघळ आणि पेटीच्या पत्र्यावर पांढरी बुरशी चढल्यासारखं. दाजींना हात लावून बघायला सांगितलं. दुसरी बॅटरी चटका बसेल इतकी तापली होती, पहिली कोमट. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच पेटीतल्या दोन बॅटऱ्या. जादा चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि त्या वायूजवळ ठिणगी पडली तर बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर येतं. रात्री ढाब्यावर काडी पेटवून बॅटरीत डोकावणारे ड्रायव्हर मी बघितलेत, म्हणून हे सांगतोय.

अदलाबदलीनं हे मिटतं, हे म्हणणं तर मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. उपाशी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि तो जुना झाला की सहज निघत नाही. दुसरीतलं उकळून गेलेलं पाणी जागा बदलून परत येत नाही. अदलाबदल केली की दोघींनाही दोन्ही दुखणी लागतात. दाजींच्या दोन्ही बॅटऱ्या टाकाव्या लागल्या, आणि नव्या घेताना जो खर्च आला त्यात चांगले दोन कन्व्हर्टर आले असते.

एक मान्य करतो, मनात नसताना. स्वस्तातला कन्व्हर्टर लावला की एफएमवर खरखर येते, हे खरं आहे. आतलं स्विचिंग रेडिओत घुसतं. दुकानदार तोच गळ्यात मारत असेल तर ड्रायव्हर चिडणारच. पण त्यावर उपाय म्हणजे बंदिस्त धातूच्या पेटीतला, पुरेशा अँपिअरचा कन्व्हर्टर घ्यायचा आणि तो अँटेनाच्या वायरीपासून लांब बसवायचा. मोबाईल चार्जरएवढा किरकोळ भार एका बॅटरीवर टाकला तर दुखणं लवकर दिसत नाही, हेही खरं. म्हणूनच लोकांना वाटतं, मी दोन वर्षं चालवतोय, काही झालं नाही. मधल्या पट्टीवरूनच १२ व्होल्ट काढायचे असतील तर बॅटरी इक्वलायझर नावाचं यंत्र मिळतं, ते दोन्ही बॅटऱ्या सारख्या ठेवतं. काही मोठ्या बसमध्ये ते असतं. ते न लावता मधल्या पट्टीला हात लावू नये.

आता फ्यूज. फ्यूज आवाज खातो म्हणे. ६० अँपिअरचा धड फ्यूज पूर्ण भारावर एका व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास खातो. आवाज खाते ती बारीक वायर. हिशोब सोपा आहे: ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, लांबी ४ मीटर, करंट ३० अँपिअर, तर जाताना अर्धा व्होल्ट वायरीतच गेला. तीच वायर १६ ची टाकली तर फक्त ०.१३. वर बाजारातल्या बऱ्याच किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असते, ती तांब्याच्या दोनतृतीयांशसुद्धा करंट नीट नेत नाही. खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत करा.

फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसतोच, वायरीसाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत लागतो, अ‍ॅम्पच्या तोंडाशी नव्हे. ट्रकमध्ये तर जास्तच गरज, कारण केबिन पुढे टिल्ट होते. दाजींची वायर बिजागरीच्या कोपऱ्यातून नेली होती, आणि दोन महिन्यांत तिथलं रबर घासून तांबं डोळ्याला दिसत होतं. ते चासीला टेकलं असतं तर फ्यूज नसल्यामुळे बॅटरीनं शेकडो अँपिअर त्या वायरीतून सोडले असते, आणि ती वायर केबिनमध्ये सीटच्या फोमखालून गेलेली. मागे दाजी झोपतात तो फोम. एवढं लिहिताना अजून माझा हात थरथरतो.

टेप बदलावाच लागतो, हे सपशेल खोटं. टेपमागे आरसीए जॅक, म्हणजे अ‍ॅम्पला सिग्नल देणारी गोल भोकं, नसली तरी हाय-लेव्हल इनपुटचे अ‍ॅम्प्लिफायर मिळतात. टेपच्या स्पीकरच्या जोड्या थेट त्यात जातात. नाहीतर लाइन आउट कन्व्हर्टर लावा, स्पीकरच्या वायरीवरून आरसीएचा सिग्नल करून देणारी छोटी डबी असते. दोनच पथ्यं. टेपमधून निघणारी स्पीकरची मायनस कधीही बॉडीला टेकवू नका, टेपचा आयसी, म्हणजे आतली आवाजाची चिप, जागेवर जातो. आणि कंपनीची वायरिंग तोडू नका, टेपमागच्या कपलरला बसणारं हार्नेस, म्हणजे तयार वायरींचा जुडगा, आणा. वायर तोडलेली दिसली की वॉरंटीत वाद घालायला शोरूमला आयतं कारण मिळतं. कंपनीचे काही टेप आवाज वाढवला की मुद्दाम बेस कमी करतात, कागदी स्पीकर फाटू नयेत म्हणून. तेवढ्यापुरती मेसेजवाल्याची तक्रार बरोबर, पण टेप फेकण्याएवढी नाही.

५०×४ चं गणित. १४.४ व्होल्टचा वर्ग २०७, भागिले ४ ओहम, आले ५१.८ वॉट. स्टिकरवरचे ५० येतात ते इथून. पण ते आवाजाची लाट पूर्ण फाटून सरळ चौकोनी झाली तर. स्वच्छ आवाजाला त्याच्या निम्म्यालाही पोचता येत नाही, एका चॅनलला, म्हणजे एका स्पीकरला, १८ ते २२ वॉट मिळतात. गाडीच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ हे मानक आलं, ते हेच सांगतं: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, १ टक्क्याच्या आत विकृती, आणि मग आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे, वॉट मोजा. खोक्यावर आरएमएस आकडा नसेल तर बाकीचे आकडे वाचूच नका. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो; कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. त्यापेक्षा ८७ ऐवजी ९१ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॉटवर जास्त वाजणारा, स्पीकर घेतला तर अडीचपट वॉट फुकट मिळतात.

कपॅसिटरबद्दल एकच ओळ: १ फॅरडचा कपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत ३२ ज्यूल देतो, ५०० वॉटच्या अ‍ॅम्पला ते सेकंदाच्या सोळाव्या भागापुरते पुरतात, मंद लाईटचं कारण वायर, चासीची अर्थिंग किंवा अल्टरनेटरमध्येच शोधावं लागतं.

राहिलं झोपेचं. दाजींनी हे सगळं बसवलं ते या एका ओळीपायी. ते म्हणाले, "रात्री दोन ते चार डोळा लागतो रे, गाणं मोठं असलं की बरं असतं." त्यांना मी हसलो नाही. पण ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठाच्या रेनर आणि हॉर्न यांनी नेमकं हेच तपासलं होतं, १९९८ साली. झोप अपुरी झालेल्या चालकांना सिम्युलेटरवर बसवून थंड हवा आणि रेडिओ देऊन पाहिलं. उपयोग झाला तो थोडा, थंड हवेचा पहिली पंधरा मिनिटं आणि रेडिओचा मुख्यतः पहिला अर्धा तास. त्यांचा निष्कर्ष असा की, तेवढा वेळ गाडी थांबवायला सुरक्षित जागा शोधण्यासाठी वापरावा. अर्धा तास म्हणजे साताऱ्यातून निघून पाचवडच्या जरा पुढे, वाशी लांबच. मोठ्या आवाजात मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही, हा तोटा वर. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली आहे. बंद काचेत तर निम्म्या आवाजातही गाणं स्वच्छ लागतं.

दाजींच्या गाडीत आता कंपनीचाच टेप परत बसला आहे. नवे स्पीकर तसेच ठेवले, अ‍ॅम्प हाय-लेव्हलवर जोडला. दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकावरून २४ ची लाईन, पेटीतच फ्यूज, वायर लवचिक पाईपमधून बिजागरीच्या जागी ढिली सोडलेली, आणि केबिनमध्ये ३० अँपिअरचा कन्व्हर्टर. परवा परत मोजलं: १४.१ आणि १४.०. मीटरचा फोटो दाजींनी स्वतः त्याच ग्रुपवर टाकला.

ज्यांनी आधीच मधल्या पट्टीवरून लाईन घेतली आहे त्यांनी इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर ती वायर काढा, दुसरीचं पाणी बघा, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि पहिली सुट्टी करून चार्जरवर पूर्ण भरून घ्या. वेळेत सापडलं तर बॅटऱ्या वाचतात.