चुंबकाला चिकटलं नाही म्हणून नाणं चांदीचं ठरत नाही

ठाणे, ऐरोली, वाशी, पनवेलकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर जुन्या नाण्यांबद्दलचा एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. त्याचा गोषवारा असा: ‘दुर्मिळ नाण्यांचे डीलर फसवतातच. नाणं घरच्या घरी ओळखा. चुंबकाला चिकटलं नाही तर चांदी. फरशीवर टाकून खणखणलं तर अस्सल. चकाकी असेल तर दर्जा उत्तम. सर्टिफिकेट असेल तर डोळे झाकून घ्या. डीलर परत घेताना कमी पैसे देतो, म्हणजे त्याने लुटलंच. त्यापेक्षा घरगुती विकणाऱ्याकडून थेट घ्या.’

नाणी जमवणाऱ्यांचे डीलरकडचे वाईट अनुभव खोटे नाहीत. पण या मेसेजमधले उपाय पाळले तर फसण्याची शक्यता वाढतेच. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘चुंबकाला चिकटलं नाही तर चांदी.’

तांबं, पितळ, शिसं, जस्त, कथील यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. 75 टक्के तांबं आणि 25 टक्के निकेल असलेला कुप्रोनिकेलही चिकटत नाही, आणि नकली रुपयांसाठी असेच मिश्रधातू वापरतात. उलट 1947 चा वाघाचा रुपया निकेलचा, तो चुंबकाला घट्ट चिकटतो आणि तरी अस्सल असतो. चुंबकाने लोखंडी माल तेवढा बाजूला काढता येतो.

खरी तपासणी वजनापासून सुरू होते. ब्रिटिश काळातल्या रुपयाचं प्रमाण वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा. 1939 पर्यंतच्या रुपयात 91.7 टक्के चांदी, म्हणजे 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी. 1940 ते 1945 च्या रुपयात ती 50 टक्क्यांवर आली, म्हणजे 5.83 ग्रॅम. वजन मात्र तेच राहिलं, त्यामुळे नुसत्या काट्यावर हे दोन वेगळे कळत नाहीत. वापरलेला रुपया 11.5 च्या आसपास भरतो, फार झिजलेला आणखी खाली. पण 11.8 भरला तर तो हलक्या नाण्यापेक्षा जास्त संशयास्पद, कारण झिजून कुठलंच नाणं जड होत नाही.

वजनानंतर घनता. त्यासाठी 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा पुरतो. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोऱ्याचा फास घाला. दोरा हातात धरून नाणं पूर्ण बुडेल असं सोडा. तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. नाण्याला चिकटलेले बुडबुडे हलकेच झटकून काढा, नाहीतर आकडा चुकतो. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागा.

11.60 ग्रॅमचा 1918 चा रुपया असेल तर पाण्यातला आकडा 1.12 च्या जवळ यायला हवा. घनता साधारण 10.3 ते 10.4. 50 टक्के चांदीचा रुपया असेल तर 1.22 च्या आसपास. कुप्रोनिकेल असेल तर 1.30. हा फरक घरगुती काट्यावरही स्वच्छ दिसतो. हात थरथरला की आकडा नाचतो, म्हणून तीनदा मोजून मधला धरा. नंतर नाणं मऊ कापडावर टिपून वाळवा, पुसू नका.

जांभळी नाक्यावर किंवा वाशीत सराफाकडच्या मशीनवर टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून घेणारे बरेच आहेत. ते मशीन फक्त पृष्ठभाग वाचतं. चांदीचा जाड मुलामा असेल तर तांब्याच्या नाण्यावरही ते चांदीच दाखवेल. म्हणून टंच आणि घनता दोन्ही जुळायला हव्यात.

आणि दोन्ही जुळल्या तरी काम संपत नाही. 1939 चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मिळ आहे, आणि 1938 च्या अस्सल रुपयातला शेवटचा 8 खरवडून 9 केलेली नाणी बाजारात असतात. वजन बरोबर, चांदी बरोबर, घनता बरोबर. खोटा असतो फक्त एक आकडा. तिथे 10 पट भिंग लागतं. आकड्याच्या भोवतालची सपाट जागा पाहा. अस्सल नाण्यात ती बाकीच्या मैदानासारखीच, म्हणजे नाण्यावरच्या मोकळ्या सपाट भागासारखीच, असते. बदललेल्या नाण्यात तिथे बारीक ओरखडे, किंचित खोलगटपणा किंवा वेगळी चमक दिसते, आणि त्या 9 ची जाडी शेजारच्या आकड्यांशी जुळत नाही. प्रकाश वरून नको, बाजूने तिरका पाडा.

‘फरशीवर टाकून खणखणलं तर अस्सल.’

खणखणीत नाणं हा शब्दप्रयोग ज्या काळातला आहे तेव्हा चलन शिशाचं नाही ना एवढंच तपासायचं असे. आज तो आवाज ठशाने पाडलेल्या नकली नाण्यातूनही येतो. शिवाय ओट्याच्या कडाप्प्यावर टाकलेल्या नाण्याच्या काठाला पोचा पडतो आणि किंमत तिथेच उतरते. दुकानदाराचं नाणं असं टाकलंत तर ते घ्यावंही लागेल.

काठ मात्र जरूर पाहा, कारण तो फोटोत दाखवायचं विकणारे टाळतात. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या काठावर जोडाची बारीक रेघ किंवा ती घासल्याची खूण असते, मैदानात सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. आपल्याकडे रुपये माळेत ओवायची, त्यांना कडी डाखवायची पद्धत होती. ती कडी काढून विकलेली नाणी खूप आहेत. राजाच्या डोक्याच्या वर, घड्याळातल्या 12 च्या जागी, काठाचे दात बुजलेले किंवा घासलेले दिसले तर तिथे डाख होता. असं नाणं अस्सलच असतं, पण त्याची किंमत अखंड नाण्याच्या जवळपास जात नाही. बिलावर ‘कडी काढलेलं’ असं लिहिलेलं नसेल तर ते लिहून मागा.

‘चकाकी असेल तर दर्जा उत्तम.’

या एका वाक्याने सर्वात जास्त नाणी खराब केली आहेत. न वापरलेल्या नाण्याची चमक टांकसाळीत ठसा पडताना धातू बाहेरच्या दिशेने सरकल्यामुळे येते. नाणं तिरकं फिरवलं की प्रकाशाचा पट्टा गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. चिंच, राख, पितांबरी, टूथपेस्ट यांनी घासलेलं नाणंही चमकतं, पण त्याची चमक सगळीकडून एकसारखी सपाट असते, पट्टा फिरत नाही, आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या केसाएवढ्या रेघा दिसतात. जाणकार याला धुतलेलं नाणं म्हणतात. राजाच्या गालावर झीज आहे आणि मैदान मात्र आरशासारखं, असा मेळ दिसला की समजावं.

चांदीवर हळूहळू चढलेला राखाडी, निळसर किंवा सोनेरी थर हा दोष नाही. तो काढला की तसाच परत येत नाही. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत खरा धोका मऊ पीव्हीसीच्या पाकिटांचा: त्यातून निघणारा चिकट हिरवा थर नाणं खातो. डीलरने नाणं अशा पाकिटात दिलं तर त्याच दिवशी बदला. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागदही लांब ठेवा, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. पुठ्ठ्याच्या होल्डरच्या पिना उपसून काढायच्या नाहीत, पक्कडीने सरळ करून मग पुठ्ठा उघडायचा. घाईत काढलेली पिन नाण्यावर ओरखडा ओढते, आणि मग तो आधीचा की नंतरचा यावर वाद होतो.

‘सर्टिफिकेट असेल तर डोळे झाकून घ्या.’

कुठलं सर्टिफिकेट? दुकानदाराने स्वतः छापलेला कागद म्हणजे त्याचंच म्हणणं, जरा सजवून लिहिलेलं. त्यात नाण्याचा फोटो, वजन आणि तारीख नसेल तर तो कागद कुठल्याही नाण्याला लावता येतो.

पीसीजीएस आणि एनजीसी या दोन अमेरिकन कंपन्या नाणं तपासून, 1 ते 70 च्या मापावर दर्जा ठरवून प्लॅस्टिकच्या बंद डबीत देतात. त्या डबीला स्लॅब म्हणतात. तिला बाजारात खरोखर मान आहे. पण स्लॅबही नकली निघतात. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. तो सापडला एवढ्यावर थांबू नका, कारण खऱ्या नाण्याचा क्रमांकच नकली डबीवर छापलेला असू शकतो. तिथे फोटो असेल तर त्यातला एखादा ओरखडा, एखादा डाग हातातल्या नाण्यावर शोधा. आणि लेबल पूर्ण वाचा. आकड्याऐवजी ‘डिटेल्स’ असं लिहिलेलं असेल तर नाणं अस्सल आहे, पण घासलेलं, डाखवलेलं किंवा दुरुस्त केलेलं आहे. विकणारा ‘स्लॅबमधलं आहे’ एवढंच सांगतो आणि तो शब्द गाळतो.

सर्टिफिकेटपेक्षा आमचा भर बिलावर आहे, कारण वाद झाला तर तेच उभं राहतं. ‘जुनं नाणं, 1 नग’ असं बिल निरुपयोगी. राजा किंवा संस्थान, मूल्य, साल, टांकसाळ, प्रकार, वजन, दर्जा आणि ‘अस्सल’ हा शब्द, एवढं त्यावर हवं. प्रकार का हवा, ते व्हिक्टोरियाच्या 1862 च्या रुपयावरून कळेल. पुढे 1874 पर्यंत नाण्यांवर 1862 हेच साल पडत राहिलं आणि वर्ष ओळखायला ठिपके घातले गेले. ठिपक्यांनुसार किंमत बदलते, आणि बिलावर नुसतं ‘1862’ असेल तर तुम्ही नेमकं काय विकत घेतलं हे सिद्धच करता येत नाही. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला खाली फुलाजवळ छोटा ठिपका असेल तर मुंबई टांकसाळ, नसेल तर कलकत्ता.

‘परत घेताना कमी देतो, म्हणजे लुटलं.’

दुकानदार विकतो त्या किमतीला परत घेईल अशी अपेक्षाच चुकीची आहे. त्याचं भाडं, अडकलेलं भांडवल आणि नफा त्या फरकातच असतो. लिलावातही हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, खरेदीदाराकडून प्रीमियम आणि त्यावर जीएसटी घेतात. म्हणून लिलावाचा आकडा दुकानातल्या किमतीशी थेट ताडून पाहू नये.

पण फरक किती असावा, हा प्रश्न रास्त आहे आणि तो खरेदीच्या आधी विचारायचा: ‘हेच नाणं उद्या मी आणलं तर कितीला घ्याल?’ प्रामाणिक डीलर आकडा सांगतो. जो विषय बदलतो त्याच्याकडून महाग नाणं घेऊ नये. दुसरा आकडा स्वतः काढा. 91.7 टक्क्यांच्या रुपयात 10.69 ग्रॅम चांदी, त्याला त्या दिवसाच्या दराने गुणा. 1918 चा रुपया दोन्ही टांकसाळी मिळून 40 कोटींहून अधिक पडला होता. वापरलेल्या अवस्थेत तो चांदीच्या भावापेक्षा फार वर जायचं कारण नाही, शंभर वर्षं जुना असला तरी. याउलट 1911 चा रुपया. त्यावर राजाच्या झग्यावर कोरलेल्या हत्तीची सोंड लोकांना डुकराच्या नाकाडासारखी वाटली, टीका झाली, बहुतेक नाणी परत वितळवली आणि 1912 मध्ये हत्ती बदलला. तिथे जास्त किमतीला कारण आहे. तरी तो घेताना 1911 हे साल आणि तो आखूड सोंडेचा हत्ती दोन्ही भिंगाखाली जुळतात का ते पाहावं.

‘घरगुती विकणाऱ्याकडून थेट घ्या.’

मेसेजमधला सर्वात घातक सल्ला हाच. ‘आजोबांच्या पेटीत सापडलं’ म्हणून जे विकलं जातं त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, राम दरबार किंवा हनुमान असलेली, 1616, 1717, 1818 अशी सालं घातलेली तांब्या-पितळेची मोठी नाणी असतात. अशी नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत. कंपनीच्या मद्रासकडच्या पॅगोडा नावाच्या सोन्याच्या नाण्यांवर देवता होत्या, पण ती वाटाण्याएवढी, वेगळीच नाणी. कंपनीचा 1835 चा अस्सल तांब्याचा अर्धा आणा 12.95 ग्रॅमचा, पाव आणा 6.48 ग्रॅमचा, आणि त्यावर कंपनीचं चिन्ह. शिवरायांच्या होनाचंही तसंच. सोनेरी मुलाम्याचे होन सर्रास विकले जातात. पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा अस्सल सोन्याचा होन इतका दुर्मिळ आहे की तो कुणी फोनवर स्वस्तात देत नाही.

‘आधी नोंदणी शुल्क भरा’ किंवा ‘रिझर्व्ह बँकेचा कर भरा’ म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं की जुनी नाणी-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि कुणाला शुल्क घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. शेतात किंवा पाया खणताना सापडलेलं नाणं असेल तर ते घेऊच नका; 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी पाठवायलाही 1972 च्या पुरावशेष कायद्याने मनाई आहे.

डीलरकडे दुकान असतं, बिल असतं, त्याचं नाव बाजारात चार लोकांना माहीत असतं. म्हणून तक्रारीला पत्ता राहतो. पैसे यूपीआयने किंवा बँकेतून द्या. ‘अस्सल न निघाल्यास मुदतीची अट न घालता पूर्ण परतावा’ हे वाक्य बिलावरच घ्या. ‘सात दिवसांत परत’ एवढं पुरत नाही, कारण जाणकाराला दाखवायलाच महिना जातो. कुरिअरने आलं तर पाकीट फोडण्यापासून वजन करण्यापर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा.

आणि नकली निघालंच, तर नाणं घासून, कापून किंवा आम्ल लावून पाहू नका. तो पुरावा आहे. आधी डीलरला लेखी कळवा, सोबत वजन, घनता आणि काठाचा फोटो द्या. उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर, आणि तिथेही तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात. व्यवहार 5 लाखांपर्यंतचा असेल तर आयोगात तक्रारीचं शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. ऑनलाइन पैसे उकळले गेले असतील तर त्याच तासाला 1930 वर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते.